फोनवाल्या आजोबांची सायकल

३ मार्च, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. ही वही कोणी वाचणार नाही, त्यामुळे इथे खरं तेच लिहायचं. खरं हे, की मी रिटायर झाल्यापासून आमच्या बँकेच्या क्लिअरिंग खात्याला वाली उरलेला नाही.

कालचा व्हिडिओ कॉल. परदेशातल्या त्या सोफ्यावर चौघं: लेक, जावई, मध्ये आमची नात चिमणी आणि कडेला व्याही. चिमणीला २८ तारखेला पाच वर्षं पुरी होतात. तिला सायकल हवी आहे. लाल, पुढे टोपली असलेली. दुकानाच्या काचेतून तिने पाहून ठेवली आहे. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, सायकल माझ्याकडून.

व्याही म्हणाले, कशाला त्रास घेता, मी आहे ना इथे. आमच्याकडे पैसे पापणी लवायच्या आत पोचतात, तुमचे बोटीने येईपर्यंत पोरगी कॉलेजात जाईल. जावई हसला. लेक हसली. ही तर माझ्या शेजारी बसून हसली.

व्याही तीस वर्षं तिकडे आहेत. बँकेत कधीही नव्हते, फरशा विकायचे. तरी बँकिंगवर बोलतात.

हसण्याचं सोडा. चिमणीने शेवटी विचारलं, मग सायकल कोण देणार, घरातले आजोबा की फोनवाले आजोबा?

फोनवाले आजोबा म्हणजे मी. ती चार महिन्यांची असताना मी तिला मांडीवर घेऊन अख्खी दुपार बसलो होतो, पण ते तिला कुठलं आठवायला. तिच्या हिशेबी मला पाय नाहीत. फोनमध्ये मी कमरेपर्यंतच दिसतो.

संकल्प: सायकलचे पैसे माझ्या खात्यातून लेकीच्या खात्यात, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, २८ तारखेच्या आत. कोणाची मदत घ्यायची नाही. हिची तर नाहीच. २८ नंतर मी सायकलवाले आजोबा.

रात्री लेकीचा वेगळा मेसेज आला होता, की बाबा, मी इकडेच घेते आणि तुमचं नाव सांगते, झालं. उत्तर दिलेलं नाही. छत्तीस वर्षं मी लोकांचे पैसे पोचवले, आणि स्वतःच्या नातीकडे काय नुसतं नाव पोचवायचं?

४ मार्च, मंगळवार.

घाई नको. आधी अभ्यास. त्यातूनच एक ग्रंथही होऊन जाईल. नाव ठरलं: ‘पैशाचा प्रवास’. पहिली प्रत व्याह्यांना, सप्रेम.

प्रकरण पहिलं लिहायला घेतलं. पूर्वी पैसे तारेने जात. म्हणजे पैसे जात नसत, निरोप जाई, की अमक्याला इतके द्या. निरोप खरा आहे हे कळावं म्हणून सोबत एक गुप्त आकडा असे आणि तो आकडा काढायचं पुस्तक तिजोरीत असे. मग टेलेक्स आला. मग आलं इलेक्ट्रॉनिक युग. इलेक्ट्रॉनिक म्हणजे सुरुवातीला फ्लॉपी. शंभर माणसांचे पगार त्या एका चकतीत, ती चकती माझ्या स्कूटरच्या डिकीत, आणि मी मुख्य ऑफिसच्या वाटेवर. लोकांना वाटतं हे पैसे हवेतून जातात. मी ते स्वतः नेलेले आहेत, ताशी तीसच्या वेगाने, प्रत्येक सिग्नलला थांबून.

हिला वाचून दाखवलं. तिने विचारलं, जेवणाच्या डब्यातलं तेल सांडलं होतं तीच ना ती चकती? वाचन थांबवलं.

५ मार्च, बुधवार.

फोनवर बँकेचं ॲप घेतलं. पासवर्ड तेवढा हिच्याकडून घ्यावा लागला. ही मदत नव्हे, माहिती.

ॲप म्हणतं, नोंदवलेल्या नंबरवर कोड येईल. फोन हातात धरून बसलो. आला नाही. आंघोळीलाही फोन घेऊन गेलो. नाही आला. ॲपच सदोष आहे असं वाटून कडक शब्दांत तक्रार लिहायला घेतली. त्यात आपला नोंदवलेला नंबर द्या असा रकाना होता, म्हणून जुनी कागदपत्रं काढली, आणि उलगडा झाला. नोंदवलेला नंबर माझ्या ऑफिसच्या टेबलावरच्या फोनचा आहे. खातं उघडताना तोच दिला होता. दिवसभर मी तिथे सापडायचो, आणि एरवी मला कोणी शोधत नव्हतं.

चूक म्हणता येणार नाही. त्या काळी ते दूरदर्शीपणाचं होतं.

६ मार्च, गुरुवार.

शाखेत गेलो. मॅनेजर जावयापेक्षा लहान आहे. मला काका म्हणतो. क्लिअरिंगची खोली म्हणजे आता पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचं गोदाम झालं आहे. पण माझं टेबल तिथेच, आणि टेबलावरचा फोन चालू! बंद करायचं कोणाच्या लक्षात आलेलं नाही, म्हणून त्याचं बिल अजून भरलं जातं. मॅनेजर म्हणाला, काका, नंबर बदलायचा अर्ज द्या ना, दोन दिवसांत होईल. मी म्हटलं, अर्ज कशाला, फोन आहे, मी आहे, येऊ दे की कोड.

खुर्ची पुसून बसलो. कोड यंत्र बोलून सांगतं. पहिल्यांदा घंटा वाजली तेव्हा रिसिव्हर उचलून सवयीने म्हणालो, क्लिअरिंग, एक मिनिट थांबा. आणि पेन शोधायला गेलो. यंत्र थांबत नाही. दुसऱ्यांदा पेन होतं, चष्मा नव्हता. तिसऱ्यांदा पेन, चष्मा, कागद सगळं जय्यत होतं, पण पुढे वाकलो तशी खुर्ची मागे गेली.

तीन प्रयत्न संपल्यामुळे ॲप बंद. बाटल्या मी आणि मॅनेजरने मिळून परत रचल्या. अर्ज दिला.

पण एक लिहून ठेवतो. त्या खुर्चीत बसून, पडेपर्यंत, फार बरं वाटलं.

१० मार्च, सोमवार.

नंबर बदलला. ॲप सुरू. आता मागे वळून पाहणे नाही.

लेकीने तिचा खाते क्रमांक पाठवला. नेहमीसारखी घाई. आकड्यांच्या आधी चक्क इंग्रजी अक्षरं टाईप झाली आहेत आणि लांबी तर मारुतीच्या शेपटीएवढी. अक्षरं काढली, जे आकडे जास्तीचे वाटले तेही काढले आणि दुरुस्त क्रमांक भरला. तिला काही बोललो नाही. उगाच ओशाळली असती.

११ मार्च, मंगळवार.

क्रमांक चुकीचा असल्याचा निरोप आला. चौकशी केली. अक्षरं खरीच होती. ती देशाची खूण. त्यापुढचे आकडे तपासणीचे, म्हणजे मधला एखादा आकडा चुकला तर पैसे निघायच्या आधीच बोंब होते. त्यामागे बँक आणि खातं, सगळं एका ओळीत. आपल्याकडे खात्याचा आकडा वेगळा आणि शाखेचा वेगळा. प्रत्येक देशाचं आपलं काहीतरी असतं. पद्धत चांगली आहे, फक्त मला आधी सांगायला हवी होती. लेकीचा दोष.

दुपारी व्याह्यांचा फोटो आला. सायकलच्या दुकानासमोर उभे, मागे काचेत लाल सायकल. खाली विचारलंय, बोट निघाली का?

उत्तर दिलं नाही. शोभत नाही.

उत्तर दिलं. म्हटलं, बोट नव्हे, बाण. सुटायचा आहे.

१२ मार्च, बुधवार.

टेलेक्सकडे गेलो. टेलेक्स म्हणजे माझा जुना सहकारी. छत्तीसपैकी वीस वर्षं त्या यंत्रावर बसला होता आणि शब्दागणिक पैसे लागतात ही सवय अजून सुटलेली नाही. बायकोशीही तसाच बोलतो. चहा. साखर कमी. नमस्कार.

ग्रंथासाठी त्याच्याशी चर्चा केली. केवढी गंमत आहे! काही देशांत लोकांनी चेक बघितल्याला जमाना झाला. तिथे आधीपासून माणूस आपल्या बँकेला किंवा पोस्टाला सांगायचा, की माझ्यातून काढून त्याला द्या. दुसरीकडे उलट. तिथे मी कागदावर सही करून देणार आणि तो कागद घेऊन समोरचा माझ्या बँकेच्या मागे लागणार; अशा देशांत काहींचं घरभाडं अजून चेकने जातं. आणि काही ठिकाणी बँकेचं तोंड न पाहिलेली माणसं साध्या बटणाच्या फोनवरून पैसे पाठवतात, वर कोपऱ्यावरच्या टपरीतून रोख काढतात. म्हणजे ज्यांच्याकडे चेकची सोय नव्हती ते थेट पुढच्या मजल्यावर. आम्ही मात्र जिन्यात, चेक हातात.

टेलेक्सने सगळं ऐकलं. म्हणाला, पैसे पाठव. लगेच. बोलू नको.

त्याला दृष्टी नाही.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.

बाण सुटला!

आधी ॲपने विचारलं, पाठवणावळ कोणाची? तीन पर्याय: सगळी माझी, सगळी त्यांची, निम्मी निम्मी. ही म्हणाली, पोरीच्या वाढदिवसाला काय निम्मं निम्मं करता? पण खात्यापर्यंतचा शेवटचा टप्पा त्यांच्या देशात आहे. त्या देशाचा एवढा अभिमान असेल तर त्याचा खर्च त्यांनी सोसावा. निम्मी निम्मी.

मग विचारलं, पैसे कशासाठी? पुढे यादी. ही म्हणाली, भेट लिहा. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. भेट काय, कोणीही लिहितं. छत्तीस वर्षं मी काउंटरच्या या बाजूने लोकांना सांगत आलो की तपशील नेमका भरा. यादीत खाली ‘वाहन खरेदी’ होतं. सायकल हे वाहन आहे. दोन चाकं, एक हँडल, एक चालक. मनात जरासुद्धा किंतु न येता ते निवडलं आणि बटण दाबलं.

निरोप आला की आजची वेळ संपली, व्यवहार सोमवारी पुढे जाईल. ठीक आहे. बँकेला शिस्त हवीच.

१७ मार्च, सोमवार.

त्यांच्याकडे आज बँकांना सुट्टी. कशाची ते लेकीलाही माहीत नाही. तिला बरं वाटतंय एवढंच माहीत आहे.

१८ मार्च, मंगळवार.

पैसे आपल्या देशातून निघाले! ॲपमध्ये एक ठिपका दाखवतात. तो ‘मधली बँक’ इथे आहे. दर थोड्या वेळाने पाहतो. ही म्हणाली, लेक पहिल्यांदा एकटी परगावी गेली तेव्हा तुम्ही एवढे अस्वस्थ नव्हता. तेव्हा ठिपका नव्हता.

मधली बँक म्हणजे काय ते हिला समजावलं. दोन देशांतल्या दोन बँकांची आपसांत ओळख नसते, म्हणून दोघींना ओळखणारी तिसरी लागते. लग्न जुळवणाऱ्या मावशींसारखी. आणि मावशींसारखीच ती आपलं काढून घेते. हिने विचारलं, किती? म्हटलं, ते पैसे पोचल्यावर कळतं. ती म्हणाली, मग त्या मावशी बऱ्या, आधी सांगायच्या.

२० मार्च, गुरुवार. दुपार.

तिकडच्या बँकेचं पत्र आलं, आमच्या शाखेमार्फत. तीन प्रश्न. वाहनाचा नोंदणी क्रमांक काय? चालकाच्या परवान्याची प्रत जोडा. वाहनाचा विमा कोणाकडे?

वाचून ऊर भरून आला. इतकी कसून चौकशी हल्ली कोण करतं! मॅनेजर म्हणाला, काका, फक्त एवढं कळवू की चुकून लिहिलं गेलं, ही भेट आहे. मी त्याला बाजूला बसवलं. बँकेच्या पत्राला उत्तर कसं द्यायचं ते त्याने एकदा पाहून ठेवणं गरजेचं होतं.

उत्तर पाठवलं, मुद्देसूद. नोंदणी नाही. इंजिन नाही. विमा नाही. चालक ही खातेदार नसून खातेदाराची कन्या आहे, वय चालू आठवड्यात चार, पुढील आठवड्यात पाच. परवाना नाही. मात्र पाठवणाऱ्याचा तिच्या कौशल्यावर पूर्ण विश्वास आहे.

मॅनेजर बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला. शिकत असावा.

२१ मार्च, शुक्रवार.

उत्तराने व्यवहार अधिकच गंभीर झालेला दिसतो. विनापरवाना अल्पवयीन चालक अशी नोंद होऊन तो ‘पुढील तपासणीसाठी’ थांबवला आहे. लेकीला तिच्या ऑफिसात बँकेचा फोन गेला. मीटिंगमधून बाहेर बोलावून विचारलं, की आपण आपल्या मुलीला वाहन चालवायला लावता का, आणि कोणत्या रस्त्यावर?

लेकीचा फोन. आवाज थंड. बाबा, तुम्ही नक्की काय लिहिलंत? वाचून दाखवलं. मला वाटलं लाइन तुटली. मग लक्षात आलं, ती हसते आहे की रडते आहे ते तिलाच कळत नव्हतं. म्हणाली, बाबा, सात दिवस राहिलेत, तुम्ही सोडून द्या ना, तिला सायकल कोणाचीही चालेल.

तिथेच तर दुखतं. तिला चालेल. मला चालणार नाही.

ही ऐकत होती. चहाचा कप जरा आपटून ठेवला, आणि मग त्याच्या शेजारी एक बिस्किटही ठेवलं.

२२ मार्च, शनिवार.

पुरवणी उत्तर पाठवलं. सायकलची उंची, चाकांचा व्यास आणि मागच्या बाजूला आणखी दोन लहान चाकं लावता येतात हा मुद्दा. त्याने तरी खात्री पटावी.

ग्रंथ: अर्पणपत्रिका तयार. ‘चि. चिमणीस, जिच्या सायकलने जगाची बँकिंग व्यवस्था उघडी पाडली.’

२५ मार्च, मंगळवार.

चार चाकांचं वाहन अशी नवी नोंद झाली आहे.

मॅनेजरने हात जोडले. पैसे परत मागवावेत यावर त्याचं आणि माझं एकमत झालं. म्हणजे तो म्हणाला आणि मी खुर्चीवरून उठलो.

तात्पुरती माघार. यात कमीपणा नाही. व्याही जिंकले हे मात्र लिहिण्याची वेळ आली आहे आणि पेन चालत नाही.

२६ मार्च, बुधवार. सकाळ.

व्याह्यांचा फोन! व्हिडिओ नाही, साधा. आवाज खाली. म्हणाले, जरा एकटे आहात का? मी म्हटलं, आहे. (ही समोर होती.)

व्याह्यांनी काल सायकलच्या दुकानाला फोनवरून पैसे पाठवले. पापणी लवायच्या आत पोचले. पण दुकानाचा क्रमांक टाईप करताना एक आकडा चुकला आणि पोचले ते कुत्र्यांचे केस कापणाऱ्या दुकानात. त्यांच्याकडे म्हणे नाव जुळत नसेल तर फोन आधी सावध करतो. यांनाही केलं. यांनी न वाचता ‘पुढे’ दाबलं, कारण जावयाला वेग दाखवायचा होता. त्या दुकानातून लगेच आभाराचा निरोप आला: मोठ्या कुत्र्याचं संपूर्ण पॅकेज बुक झालं आहे, कुत्र्याचं नाव कळवा.

कुत्रा नाही म्हणून कळवलं. ते म्हणतात, काही हरकत नाही, वर्षभरात कधीही आणा.

मला आनंद झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. ही वही खाजगी आहे. झाला. फोन कानापासून दूर धरून मी जागेवरच एक गिरकी घेतली आणि कंबर धरली. मग पुन्हा फोन कानाला लावून गंभीर आवाजात समजावलं, की हाच दोन व्यवस्थांमधला फरक. आमचे पैसे रांगत जातात, पण मधेच हाक मारली तर मागे वळतात. तुमचे सुटले की सुटले. व्याही म्हणाले, खरं आहे हो तुमचं.

पुन्हा एकदा म्हणायला लावलं. नीट ऐकू आलं नव्हतं.

मग त्यांची तक्रार मी इथून तोंडी सांगितली आणि त्यांनी तिकडे लिहून घेतली. तासभर बोललो. माणूस वाईट नाही. फरशांबद्दलही बरंच काही कळलं. शेवटी म्हणाले, पण आता सायकलचं काय करायचं? नव्याने पाठवायला त्यांच्या फोनने एका दिवसाची बंदी घातली आहे, चूक झाली म्हणून. आणि दुकानातली ती लाल सायकल काल संध्याकाळीच कोणीतरी नेली.

२८ मार्च, शुक्रवार. चिमणीचा वाढदिवस.

सायकल आली.

लेकीच्या शेजारच्या घरातल्या मुलाला ती लहान झाली होती, म्हणून त्याच्या आईने पुसून आणून दिली. फुकट. निळी. टोपली नाही. चिमणीने लालचं नावही काढलं नाही. दोन चाकं आहेत ना, मग तिच्या लेखी सायकल पोचली.

लेकीने व्हिडिओ लावला. गल्लीत चिमणी सायकलवर आणि मागे सीट धरून व्याही पळताहेत. शर्ट बाहेर, चष्मा खिशात, तोंडाने सारखं चाललंय, पुढे बघ, पुढे बघ. पन्नास पावलं गेली असतील नसतील, व्याह्यांनी हात सोडला. तिला कळलंच नाही. ती गेली की पुढे! परत येताना ओरडत होती, आजोबा, आजोबा, मी एकटी! मी इकडून जोरात म्हटलं, शाब्बास! पण ती त्या आजोबांना सांगत होती.

मला तो फोन बंद करावासा वाटला, पण करवला नाही.

व्याह्यांना पाय आहेत.

रात्री जेवलो नाही. पोट बरं नाही असं हिला सांगितलं. तिने खरं मानलं नाही.

२ एप्रिल, बुधवार.

पैसे परत आले. म्हणजे जे उरले ते. जाताना मधल्या मावशीने कापले, तिकडच्या बँकेने तपासणीचे घेतले, येताना मावशीने पुन्हा हात मारला, आणि त्यांचं चलन आपल्यात आणताना दराने उरलेली कसर काढली. ही म्हणाली, बिचारे फिरून तरी आले. आपण कुठे गेलो का?

त्या उरलेल्यांत सायकल येत नाही. विचार केला. सायकल निळी का असेना, तिला घंटी नव्हती. व्हिडिओ चार वेळा पाहून खात्री केली. नाहीच.

तडक कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे. त्याच्याकडची सगळ्यात मोठी घंटी, पितळी, अंगठ्याने दाबली की रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघतो अशी. टपालाने रवाना. काउंटरवर विचारलं, आत काय आहे, कशासाठी? सोबत आलेली ही माझ्याकडे बघत होती. म्हटलं, भेट.

१४ एप्रिल, सोमवार.

पोचली!! कापली गेली नाही, थांबवली गेली नाही, पुरती पोचली. जावयाने बसवली. चिमणीने फोन हँडलजवळ धरून मला वाजवून दाखवली. मग परत वाजवली. लेक म्हणाली, बस झालं. परत वाजवली.

आणि लेकीने हळूच सांगितलं, की चिमणी आज शाळेत बाईंना म्हणाली, माझ्या घंटीवाल्या आजोबांनी पाठवली.

घंटीवाले आजोबा. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला दोनदाच बढती मिळाली. ही तिसरी. हिला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसेल.

ग्रंथ बाजूला ठेवला. व्याह्यांना दुखवायची इच्छा उरलेली नाही.

१७ एप्रिल, गुरुवार.

व्याह्यांना झोप लागत नाही म्हणे. चिमणी उठल्या उठल्या गल्लीत जाऊन घंटी वाजवते. लहान आहे, वाजवणारच. सहन केलं पाहिजे. मी इकडे मनापासून सहानुभूती व्यक्त केली आणि फोन ठेवल्यावर चहाला दुसरं बिस्किट घेतलं.

१९ एप्रिल, शनिवार.

गल्लीने तक्रार केली. घंटी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. कोणी काढली ते लेक सांगत नाही, पण पेचकस व्याह्यांकडेच असतो.

संध्याकाळी कॉल लागला तेव्हा चिमणी आत ओरडून सांगत होती, आई, फोनवाले आजोबा आहेत!

सात आठवडे, दोन देश, तीन बँका, आणि मी पुन्हा कमरेपर्यंत.

चिमणीने मग फोन तोंडाजवळ घेतला. म्हणाली, घंटी परत बसवायची आहे, घरातले आजोबा बसवत नाहीत, तुम्ही या. मी म्हटलं, बाळा, मी इथून सांगतो, बाबांना म्हणावं आधी तो छोटा स्क्रू... ती म्हणाली, इथून नको. तुम्ही या. मी मागे पळायला पण देईन.

फोन संपल्यावर ही म्हणाली, पाच वर्षं तुम्ही म्हणताय, आधी बँकेचं एवढं निस्तरू, मग जाऊ. नुसतं एवढंच म्हणाली. निस्तरायला आता बँकेत माझं काही उरलेलं नाही, टेबलावरचा फोनही त्यांनी परवा बंद केला.

रात्री मोज्यांच्या कप्प्यातून पेचकस काढून बॅगेत टाकला.

२१ एप्रिल, सोमवार.

दोघांची तिकिटं काढायला एजंटकडे गेलो. जाताना हिने विचारलं, खिसा एवढा फुगलेला का? दाखवलं नाही. एजंटने फोनवर रक्कम टाकून चौकटी-चौकटींचं चित्र माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, काका, हे स्कॅन करा, सेकंदात होईल. मी खिशातून नोटांचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, तुम्ही तर बँकेतले ना? रोख का?

म्हटलं, या वेळी पोचायचं आहे.